उभी चिरलेली शिडी

आमच्या गल्लीच्या टोकाला एक लांबट घर आहे. छप्पर एक, दारं दोन, अंगणं दोन. डाव्या दारात शिट्टीमास्तर राहतात, उजव्या दारात त्यांचे थोरले भाऊ. थोरले भाऊ सुतार, अख्खी गल्ली त्यांना दादाच म्हणते. सकाळचं ऊन आधी दादांच्या रंध्यावर पडतं, मग लाकडाच्या भुश्शातून वाट काढत मास्तरांच्या उंबऱ्याशी येतं आणि दोन्ही अंगणांत सारखं पसरतं. भांडण न होता त्या घरात वाटली गेलेली ती एकच गोष्ट.

शिट्टीमास्तर म्हणजे शाळेचे कवायतीचे मास्तर. गळ्यात शिट्टी असायची, पण ती शोभेची. मास्तरांनी नुसतं "उभे राहा" म्हटलं तरी शेजारच्या शेतातली गुरं बसल्या जागची उठत. राग त्यांच्या नाकावर नव्हता, तो घरभर होता. चप्पल सापडली नाही तर ते चपलेशी भांडत, आणि सापडली की इतका वेळ कुठं होतीस म्हणून पुन्हा चपलेशीच भांडत. एकदा त्यांची डावी चप्पल कायमची गेली. ती दादांनी लपवली असं ते आम्हाला येता-जाता सांगत. दादांचा पाय मास्तरांच्या दीडपट. ती चप्पल त्यांच्या अंगठ्यालासुद्धा झाली नसती, पण हे मास्तरांना सांगणार कोण?

आता शिडीचं सांगतो, कारण तिच्यावाचून या माणसाची ओळख पुरी होत नाही.

त्या घराच्या छपरावर चढायला जागा एकच आहे, पुढच्या भिंतीच्या बरोबर मध्यावर. तिथं छप्पर खाली उतरतं आणि तिथंच दोन अंगणांची हद्द आहे. शिडी लावली की तिचा एक पाय मास्तरांच्या अंगणात पडतो, एक दादांच्या. वडील होते तोवर पायांना हद्द नव्हती. वडील गेले आणि शिडीवरून जुंपली. मास्तर म्हणत, "दादा शिडी दुकानात अडकवून ठेवतो, मला देत नाही." दादांचं उत्तर एकच. ते शिडी आणखी वरच्या खुंटीला अडकवत.

शेवटी वाटणी करायची ठरली. शिडी आडवी कापावी, तर खालचा भाग रुंद आणि वरचा अरुंद. रुंद भाग दोघांनाही हवा. मग दादांनी सुताराच्या डोक्यानं तोड काढली. डावा पाय डाव्या अंगणातला, उजवा पाय उजव्या अंगणातला. त्यांनी दोरी धरून वरपासून खालपर्यंत रेघ मारली आणि शिडी उभी चिरली. प्रत्येक पायरी बरोबर मधोमध. इतकी न्यायाची वाटणी गल्लीत आजवर झाली नव्हती. आम्ही सगळे बघायला गेलो होतो. काम इतकं सुबक होतं की कुणाला हसूसुद्धा आलं नाही. हसू आलं ते घरी आल्यावर.

तेव्हापासून मास्तरांकडे एक दांडा आणि त्याला फुटलेली लाकडी बोटं. ती त्यांनी शाळेत नेली आणि उंच उडीसाठी मैदानात रोवली. दादांकडे तसाच दुसरा दांडा. त्यावर ते करवती टांगत. छपरावर मात्र कुणालाच चढता येईना. दुसऱ्याची शिडी आणावी तर एक पाय भावाच्या अंगणात टेकायचा, म्हणजे विचारावं लागणार. विचारायचं म्हणजे बोलायचं. बोलणं तर बंद. दोघांचं छप्पर गळत होतं, दोघी जावा भिंतीवरून एकमेकींना पातेली उसनी देत होत्या आणि दोघे भाऊ आपापल्या पातेल्यात पडणारे थेंब ऐकत बसत होते.

अशा या माणसाच्या गळ्यात शाळेनं शांतीचा तास घातला.

वरून हुकूम आला होता की मुलांना न भांडता राहायला शिकवा. शाळेच्या मुख्याध्यापिकांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो. त्यांनी शिट्टीमास्तरांना बोलावून घेतलं.

"मी? मी शांती शिकवू?" मास्तर ओरडले.

"हळू बोला, मी समोरच बसलेय."

"मी हळूच बोलतोय!"

"बाकी सगळ्यांची दुपार भरलेली आहे. तुमची रिकामी आहे. आणि दुसरं असं…"

"दुसरं काय?"

"तेवढा वेळ तुम्ही वर्गात असलात की मैदानावर तरी शांतता राहील."

पहिल्या तासाला मास्तरांनी मुलांना रांगेत उभं केलं आणि कवायतीसारखी शांती सुरू केली. "एक म्हटलं की राग गिळायचा! दोन म्हटलं की हसायचं! ए ढब्बू, दोन झालं, हस! हसतोस की येऊ तिकडं?" ढब्बू घाबरून हसला आणि त्याला उचकी लागली. ती उचकी घेऊनच तो घरी गेला. त्याच्या आईनं गल्लीत विचारलं, "हे कसलं शिक्षण म्हणायचं?"

पुढे मास्तरांची दाढ सुजली, आणि इथून गोष्टीला वळण लागलं. गाल असा फुगला की तोंडात लिंबू धरल्यासारखा. बोलायचं म्हणजे जीव जायचा. त्याच दिवशी खिडकीजवळच्या जागेवरून ढब्बू आणि लवंगी यांची जुंपली. लवंगी म्हणजे आमच्या पिठाच्या गिरणीवाल्याची मुलगी. अंगानं काडी, पण तोंड असं की मोठी माणसं रस्ता बदलतात. मास्तरांनी दोघांना मागच्या मोडक्या बाकावर शेजारी बसवलं. दोघांनीही आपापली बाजू एकदम सुरू केली, कान फाटायची वेळ आली. मास्तरांना ओरडता येईना. त्यांनी गाल दाबून धरला, ढब्बूकडे बोट केलं आणि कसंबसं म्हणाले, "तू… तिचं… सांग."

"तिचं? तिचं मी का सांगू?"

मास्तरांनी डोळे वटारले. ते दाढेशिवायही वटारता येत होते.

ढब्बू म्हणाला, "ती म्हणते की ती आधी आली."

"मी असं म्हणतच नाही!" लवंगी उसळली. "मी म्हणते की मला फळा दिसत नाही. खिडकीजवळ उजेड असतो."

"फळा दिसत नाही?" ढब्बू तिच्याकडे बघतच राहिला. "मग आधी का नाही सांगितलंस? मला तर बाहेरची कुत्री बघायची असतात. ती कुठूनही दिसतात."

भांडण संपलं. मास्तर दाढ धरून बघत राहिले. अख्ख्या आयुष्यात त्यांनी न ओरडता थांबवलेलं हे पहिलं भांडण.

दाढ बरी झाली, पण नियम राहिला. बाकावर बसायचं, आधी समोरच्याचं म्हणणं सांगायचं आणि तो "हं, असंच" म्हणेपर्यंत आपलं तोंड उघडायचं नाही. मोडका बाक भांडणांच्या भारानं पार बसला, तेव्हा मोठ्या बाईंनी दादांकडून नवा करून घेतला. कुणासाठी आहे हे कळल्यावर दादा म्हणाले, "भांडणाऱ्यांसाठी? मग मजबूत हवा. न जाणो, आमचा धाकटा, बारक्या, एखादे वेळी बसायचा." बाक ठणठणीत झाला. तीन पाय एका लाकडाचे होते, चौथा जरा काळपट, जुना. कुणी विचारलं नाही, दादांनीही सांगितलं नाही.

आणि मास्तर बदलले. म्हणजे आवाज तोच, पण मुलं बदलली म्हणून मास्तर बदलले. इतकी वर्षं त्यांना बघून मुलं पळायची ती लांब पळायची. आता दुपार झाली की दारात घोळका उभा. "मास्तर, आमचं भांडण घ्या!" "मास्तर, आमचं आधी, आमचं सकाळपासून शिळं होतंय!" मास्तर तासाच्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालत. शिट्टी खिशात ठेवत. बायको म्हणे, "लग्नाला निघालात का?" ते म्हणत, "तासाला निघालोय," आणि चप्पल शोधताना एक शब्द बोलत नसत.

मुलांनी तो नियम घरोघर नेला. गल्लीत भांडायची सोयच राहिली नाही. दूधवाल्यानं आवाज चढवला की एखादं पोरगं जिन्यावरून म्हणे, "काका, आधी आईचं म्हणणं सांगा." गिरणीवाल्यानं गिऱ्हाइकावर डोळे काढले, तर लवंगीनं त्याला पिठाच्या डब्यावर बसवलं. "बाबा, ते 'हं, असंच' म्हणेपर्यंत गिरणी बंद." गिरणीवाला आम्हाला म्हणाला, "पोरगी घरात ठाणेदार झालीय. पण खरं सांगू, गिऱ्हाइकं वाढली."

सगळं असं रांगेला लागलेलं असताना बातमी आली की शिक्षणखात्याचे साहेब येणार. शांतीच्या तासाला बसून बघणार आणि त्यात काही दम नसेल तर तो तास गणिताला देणार. मास्तरांचं जेवण सुटलं. ताटावर बसत आणि भाताचे ढीग करत. बायको म्हणाली, "नोकरी काही जात नाही ना? कवायत आहेच की."

"कवायतीला मुलं येतात ती शिट्टीला भिऊन," मास्तर म्हणाले. "या तासाला माझ्याकडं येतात."

हे ते इतकं हळू म्हणाले की भिंतीपलीकडे थोरल्या जाऊबाईंना ऐकू आलं नाही. एरवी त्यांना या घरातलं सगळं ऐकू यायचं. त्यांनी घाबरून विचारलं, "अगं, भावोजींना बरं नाही का?"

साहेब यायच्या आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत गल्लीत खेळताना शाळेचा चेंडू उडाला आणि मास्तरांच्या छपरावर जाऊन बसला. शाळेला चेंडू तेवढाच. लवंगी आणि ढब्बू बाकावर.

"ढब्बूचं म्हणणं, मी चेंडू उंच टाकला," लवंगी म्हणाली.

"हं, असंच. आणि लवंगीचं म्हणणं, मी तो झेलायला हवा होता."

"हं, असंच. पण चेंडू वर जाणारच. खाली आणता येत नाही ही खरी अडचण."

"का आणता येत नाही?"

"शिडी नाही."

"का नाही?"

दोघं बाकावरून मास्तरांकडे बघायला लागली. मग सगळा वर्ग बघायला लागला. मास्तरांनी खिशातली शिट्टी चाचपली.

लवंगी म्हणाली, "मास्तर, तुम्ही आणि दादा बाकावर कधी बसणार?"

"आमचं भांडण वेगळं आहे. ते मोठ्या माणसांचं आहे."

"म्हणजे कसं?"

"म्हणजे… जुनं आहे."

"मग आम्हीपण उद्या साहेबांसमोर बसणार नाही," लवंगी म्हणाली. "आमचीही भांडणं जुनी होऊ देत."

"अगं, तास जाईल आपला!"

"जाऊ दे. जो नियम तुम्हाला जमत नाही तो आम्ही कशाला दाखवू?"

मास्तरांना ओरडता आलं असतं. दाढ ठणठणीत होती. पण शाळा सुटल्यावर ते सरळ दादांच्या दुकानात गेले. दोघं कित्येक वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. तोंड कसं उघडायचं तेच विसरले होते. तेव्हा मास्तर भिंतीला टेकलेल्या एका फळीशी बोलायला लागले.

"उद्या शाळेत एक माणूस हवाय म्हणावं."

दादांनी हातातल्या करवतीकडे बघितलं. "कशाला हवाय, विचार त्याला."

"भांडायला."

"मनातल्या मनात रोज भांडतो ते पुरत नाही का, विचार."

"हे नीट भांडायचंय. नाही भांडलो तर माझा तास जाईल."

करवत थांबली. दादांनी कपाळावरचा भुसा पुसला आणि यावेळी करवतीला मध्ये घेतलं नाही. "नीट असेल तर येतो. अर्धवट काम मला आवडत नाही."

दुसऱ्या दिवशी वर्ग खचाखच भरला. साहेब पुढे खुर्चीवर बसले. किडकिडीत माणूस, मांडीवर पिशवी, चेहरा बेरजेसारखा सरळ. मोठ्या बाई दारात. खिडकीबाहेर दोघी जावा आणि गल्लीतले आम्ही रिकामटेकडे. दादा अंघोळ करून, केस चापून आले होते. दोघे भाऊ बाकाच्या दोन टोकांना बसले. मध्ये एक म्हैस मावली असती.

"जवळ बसा," लवंगी म्हणाली. "बाक भांडणाचा आहे, पाहुण्यांचा नाही."

ते सरकले.

"मास्तर, तुम्ही आधी. दादांचं म्हणणं सांगा."

मास्तरांनी घसा खाकरला. "दादाचं म्हणणं असं की, तो हट्टी आहे."

"हे तुमचं म्हणणं झालं," ढब्बू म्हणाला.

"बरं. दादाचं म्हणणं, शिडी त्याला दुकानात लागायची."

दादा समोरच्या फळ्याकडे बघत होते. "नाही."

"दादाचं म्हणणं, मी शिडी नेली की मोडून आणतो."

"नाही."

"दादाचं म्हणणं, तो थोरला म्हणून शिडी त्याची."

"नाही. तुझ्या वर्गात एवढं ढ पोरगं दुसरं आहे का?"

वर्ग हसला. साहेबांनी पिशवी दुसऱ्या मांडीवर घेतली. मास्तरांचा चेहरा लाल झाला, कान लाल झाले, आणि आम्हाला वाटलं आता गुरं उठणार. पण ते तसेच बसून राहिले. बघता बघता त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटली.

"मी एकदा शिडी शाळेत आणली होती," ते म्हणाले. "झाडाला दोर बांधायला. सगळ्यात वरच्या पायरीवर एका पायावर उभा होतो. मुलं टाळ्या वाजवत होती. आणि दादा फाटकाशी होता. हातातलं सामान टाकून तसाच उभा होता." ते दादांकडे वळले. "त्या दिवसापासून शिडी खुंटीला गेली. दादाचं म्हणणं… मी पडेन."

दादांनी फळ्यावरची नजर मास्तरांकडे वळवली. मग म्हणाले, "हं. असंच."

"मग तसं सांगायचं की!" मास्तर ओरडले. खिडकीची तावदानं थरथरली.

"सांगितलं असतं तर दोन पाय वर करून उभा राहिला असतास."

"आता दादांची पाळी," लवंगी म्हणाली. तिचा आवाज जरा मऊ झाला होता.

दादांना वेळ लागला नाही. "बारक्याचं म्हणणं असं की, केस पिकले तरी घरात सगळे त्याला बारक्याच धरतात. शिडी द्यायची की नाही हे त्याला न विचारता ठरतं. म्हणून तो ओरडतो. हळू बोललं तर कुणी ऐकत नाही असं त्याला वाटतं."

मास्तर मान खाली घालून म्हणाले, "हं. असंच." हे मात्र सगळ्यांना ऐकू आलं.

आता मिटलं असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही वाटलं. पण त्या दोघांना भांडायची सवय होती आणि समोरच्याची बाजू आता तोंडपाठ झाली होती.

"दादा, तुझंच बरोबर होतं," मास्तर म्हणाले. "मी पडलोच असतो."

"नाही, तुझं बरोबर. विचारायला हवं होतं मी."

"अरे, विचारायचं काय त्यात? थोरला आहेस तू!"

"थोरला म्हणून काय झालं? शिडी दोघांची होती!"

"नव्हती! तुझी होती!"

"तुझी होती म्हणतो ना मी! ऐकतोस की नाही?"

दोघं उठून उभे राहिले, नाकाला नाक. साहेबांनी मोठ्या बाईंना हळूच विचारलं, "आता हे कशावरून भांडतायत?"

"एकमेकांच्या बाजूनं भांडतायत, साहेब," मोठ्या बाई म्हणाल्या. "हे आम्हालाही नवीनच आहे."

लवंगीनं तोड काढली. "शिडी दोघांची. जोडून आणा आणि चेंडू काढा."

मग जी वरात निघाली ती आमची गल्ली विसरणार नाही. मैदानातली अर्धी शिडी उपटली, दुकानातली अर्धी उतरवली. दादांनी अंगणात बसून पायऱ्यांना खालून पट्ट्या ठोकल्या. साहेब खिळे हातात धरून उभे. शिडी एक झाली आणि हद्दीवर उभी राहिली. उभी राहिली म्हणजे मास्तरांच्या अंगणात उभी राहिली. दादांच्या अंगणातला तिचा पाय हवेत लोंबकळत होता.

"दादा, तुझी अर्धी आखूड कशी?" मास्तर म्हणाले.

दादांनी डोकं खाजवलं. "बाकाचा चौथा पाय. लाकूड कमी पडलं होतं, म्हणून खालून कापून घेतला."

मग मास्तर इतक्या मोठ्यानं हसले की छपरावरच्या कावळ्यांनी जागा सोडली. आम्ही पुरुषांनी शाळेतून बाक उचलून आणला, आडवा पाडला आणि शिडीच्या आखूड पायाखाली सरकवला. उंची कशीबशी जमली. बाक हलू नये म्हणून ढब्बू त्याच्यावर बसला, आणि ढब्बू बसल्यावर दुसऱ्या कुणाची गरज पडली नाही. दादांनी एक बाजू धरली. दुसरी धरायला माणूस हवा होता. साहेबांनी पिशवी लवंगीच्या गळ्यात अडकवली आणि पुढे झाले.

मास्तर चढले. एकेक पायरी, दोन्ही पाय ठेवून. वर गेले आणि दिसेनासे झाले.

"साहेब," लवंगीनं खालून विचारलं, "तास राहील का?"

"राहील," साहेब म्हणाले. "गणिताला दुसरी वेळ बघू. पण आधी यांना उतरवा, माझा हात भरून आलाय."

वरून चेंडू आला. मग फुटकी कौलं आली, एक पतंग आला, आणि मग मास्तरांचं डोकं कडेवर दिसलं. हातात उन्हानं वाळून कडक झालेली एक चप्पल होती. डावी.

"दादा," ते म्हणाले, "ही तर मीच भिंतीवरून तुला फेकून मारली होती. वर अडकली वाटतं."

दादांनी शिडी अशी घट्ट धरली की ती आता दादांच्या मनाशिवाय हलणार नव्हती. "आणि गल्लीभर काय सांगत होतास?"

"चुकलं."

"ते तुझं झालं. माझं म्हणणं सांग. आणि मी 'हं, असंच' म्हणेपर्यंत खाली यायचं नाही."

मास्तर छपराच्या कडेवर बसले. चप्पल मांडीवर ठेवली. मग आपल्या त्या आवाजात, जो त्यांना इतकी वर्षं कशाला मिळाला होता ते आम्हाला त्या दुपारी कळलं, त्यांनी सांगायला सुरुवात केली. "ऐका हो! माझ्या दादाचं म्हणणं असं आहे की, त्यानं चप्पल घेतली नव्हती! तो चोर नव्हता! मीच खोटं बोलत फिरलो, आणि तो ऐकून घेत राहिला!"

गिरणी थांबली. शेतातली गुरं उठली. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला लोक दारात आले.

दादांनी साहेबांकडे पाहिलं, मग वर पाहिलं आणि मान हलवली.

"नीट ऐकू नाही आलं. परत सांग."